बारा खोटे तास

त्या दिवशी मी दारू प्यायले नव्हते. मी सूप प्यायले होते. हे मी पोलिसाला सांगितलं, न्यायाधीशांना सांगितलं, आमच्या दुकानात नाश्त्याला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. कोणाच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

झालं असं, की माझ्या मामेबहिणीला मुलगी झाली होती. आमच्याकडे बाळंतिणीला महिनाभर तिळाच्या तेलात परतलेली कोंबडी खायला घालतात. ती शिजते तांदळाच्या दारूत. पाण्याचा थेंब घालायचा नाही, नुसती दारू आणि आल्याचे जाडजूड काप. बाहेर जानेवारीचा वारा होता, आणि जानेवारीत आमच्या बेटावर वारा सुटला की कुत्रीसुद्धा भिंतीला धरून चालतात. मामी म्हणाली, "आणखी एक वाटी घे गं वानचिंग, बरं वाटेल." मी तीन वाट्या घेतल्या. फारच बरं वाटलं. त्या बऱ्या वाटण्यातच स्कूटर काढली, आणि बंदराच्या वळणावर रस्त्याकडेला रचलेल्या काळ्या दगडांच्या ढिगावर जाऊन आदळले.

भर दुपार होती. ढिगामागून एक जण उठून उभा राहिला. वाऱ्याचा आडोसा धरून तो तिथे जेवत बसला होता. हातात डबा होता, आणि डब्यातला अर्धा भात त्याच्या गुडघ्यावर.

"लागलं का?"

"तुमचे दगड रस्त्यात कशाला ठेवलेत?"

"रस्त्यात नाहीयेत." त्यानं बोट दाखवलं. "रस्ता तो. तिकडे."

त्यानं स्कूटर उचलली, मला बाजूला बसवलं, आणि जरा थांबून हवेत वास घेतला. "तिळाच्या तेलातली कोंबडी?"

"...हो."

"कोणाकडे आहे बाळंतीण?"

मला हसू आलं. गुडघा सोललेला, आरसा फुटलेला, आणि मी हसत होते. तोही हसला. डोळे अगदी बारीक करून हसायची सवय होती त्याला. गोष्ट तिथेच संपली असती तर किती छान झालं असतं... पण मागून गस्तीचा पोलीस आला. त्यानं माझ्या तोंडासमोर नळी धरली, आकडा बघितला आणि त्या माणसाला विचारलं, "हिची स्कूटर डगमगत होती का?"

बेटावरचा कोणीही म्हणाला असता, वारा होता हो, वाऱ्यात कोण डगमगत नाही. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग दगडांकडे, आणि म्हणाला, "हो. त्या खांबापासून."

तर असा भेटला मला को रुइफेंग.

दोन महिन्यांची कैद झाली. दंड भरून मोकळं होता आलं असतं, बाबा तयारही होते. मी नाही म्हटलं. सूप मी प्यायले होते, बाबांनी नाही. मग दुसरा रस्ता उरला. आमच्याकडे तुरुंगातल्या एका दिवसाऐवजी गावासाठी सहा तास राबता येतं. साठ दिवस, म्हणजे तीनशे साठ तास. तीस सप्टेंबरच्या आत पुरे केले तर सुटका. नाही केले, तर उरलेल्या तासांचे दिवस करून आत जायचं. बोटीनं पाऊण तासावरच्या मागोंग शहरातल्या कचेरीच्या देखरेख अधिकारी त्साय बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "निम्मे लोक तिसऱ्या आठवड्यात गळतात." मी म्हटलं, "मी दुसऱ्या निम्म्यातली."

एप्रिलच्या पहिल्या ओहोटीला मी शिक्षेच्या कामाचा नारिंगी अंगरखा घालून किनाऱ्यावर गेले. काम होतं माशांच्या बांधाचं. आमच्या आजे-पणज्यांनी समुद्रात दगडांच्या लांबच लांब वाकड्या भिंती घातल्यात. भरतीबरोबर मासे आत येतात, ओहोटीला भिंतीच्या आत अडकतात. सिमेंट नाही, काही नाही, दगडावर नुसता दगड. दर वर्षी लाटा थोडी भिंत खातात आणि दर वर्षी ती कोणीतरी पुन्हा रचायची. रचणारे म्हातारे झाले, तरुण शहरात गेले, म्हणून आमच्या सरपंच मेइचू मावशींनी कचेरीकडे माणसं मागितली होती. कचेरीनं दिली मी एकटी.

"मुकादम तिकडे आहे," मावशी म्हणाल्या. "तोच तुझे तास लिहील. आजोबांकडून शिकलाय, दगडातलं सगळं कळतं त्याला. माणसातलं जरा कमी."

गुडघाभर पाण्यात, हाताखाली कागद चिमटलेली पाटी धरून, तो उभा होता.

"तुम्ही?" मी म्हटलं.

"चुआंग वानचिंग बाई," तो कागदातच बघत म्हणाला. "सात दहाला यायचं होतं. सात तेवीस झालेत."

"बाई म्हणू नका. सत्तावीस वर्षांची आहे मी."

"कागदावर तसंच आहे."

"मग कागदालाच दगड उचलायला लावा."

त्यानं कागद मावशींकडे दिला, हातमोजे माझ्याकडे फेकले आणि म्हणाला, "पहिले दोन तास नुसते दगड बघायचे. उचलायचे नाहीत." मला वाटलं, गंमत करतोय. तो कधीच गंमत करत नव्हता... म्हणजे, निदान तेव्हा मला तसं वाटायचं.

पहिला महिना मी त्याचा मनापासून राग केला. ओहोटी दिवसाला जेमतेम चार तास मिळे, आणि कित्येक दिवस तीही धड नाही. हुकूम बांधापुरता होता, त्यामुळे रस्ता झाडून तास भरायचीही सोय नव्हती. आणि हा गृहस्थ मिनिटं मोजायचा.

"तीन तास पन्नास मिनिटं," तो लिहायचा. "म्हणजे तीन."

"दहा मिनिटांसाठी अख्खा तास गेला माझा?"

"पूर्ण तासच धरतात. भरतीशी बोला."

"भरतीशीच बोलते. तुमच्यापेक्षा माणुसकी आहे तिला."

त्यानं तीनच लिहिले. पण दुसऱ्या दिवशी मी आले तर तो आधीच येऊन पाण्यात उभा, आणि माझ्या वाटणीचा पहिला दगड शोधून काठावर ठेवलेला. त्या दिवशी चार तास पुरे झाले. मी आभार मानले नाहीत. त्यानंही बघितलं नाही. मग हे रोजचंच झालं.

ओल्या हातानं सही करता येत नसे, कागद भिजायचा. म्हणून आल्या-गेल्याच्या रकान्यात मी माझ्या नावाचा शिक्का मारायचे. लाकडाचा, बोटाएवढा, पदवीला बसले तेव्हा बाबांनी कोरून घेतलेला. बेटावरच्या निम्म्या लोकांचे शिक्के मावशींच्या पत्र्याच्या डब्यात पडलेले असतात, आणि कामाच्या वेळी तो डबा काठावरच असायचा. पार्सल आलं, मारा शिक्का. देवळाची वर्गणी, मारा शिक्का. मीही दुसऱ्याच आठवड्यात माझा त्या डब्यात टाकला आणि विसरून गेले. कोण रोज घरून आणणार?

मे उजाडला, ऊन वाढलं, आणि माझ्या हाताला दगड कळायला लागला. काळा दगड जड आणि गुळगुळीत, तो खाली. प्रवाळाचा हलका आणि खरखरीत, तो वर. ठेवला की हलवून बघायचा. हलला की काढायचा. कितीदा काढायचा, हे विचारायचं नाही. एकदा मी एकच दगड अकरा वेळा काढला आणि बाराव्यांदा तो असा बसला की माझ्याच्यानं हलेना. मी मान वर केली. रुइफेंग बघत होता.

"आज काय खाल्लंत?" त्यानं विचारलं.

"का?"

"फुंकर मारून दाखवा. शुद्धीवरचं काम वाटत नाही हे. फारच चांगलं झालंय."

बापरे. म्हणजे हा माणूस गंमत करतो. मी ओंजळभर पाणी त्याच्या तोंडावर उडवलं आणि तो ते डोळे बारीक करून हसला. त्या दिवसापासून माझा राग जरा अवघड झाला. ठेवायला जागाच सापडेना त्याला.

विश्रांतीच्या वेळी तो माझे ओले हातमोजे तापलेल्या दगडावर वाळत घालायचा, बोटं एकेक सरळ करून. मी दुकानातून अंड्याची पोळी आणि सोयाचं दूध आणायचे. बाबा न विचारता दोघांपुरतं बांधायला लागले. जूनमध्ये एका सकाळी ते म्हणाले, "तुझ्या मुकादमाला तिखट चालतं का?" मी म्हटलं, "माझा कशाला मुकादम?" बाबांनी तिखट लावलं.

तो शहरात इमारतींचं काम करत होता आणि आजोबा गेल्यावर तीन महिन्यांसाठी परत आला होता. त्याला चार वर्षं झाली होती.

"परत का नाही गेलास?" कधीतरी आमचं तुम्ही गळून पडलं होतं. कधी ते आठवत नाही.

"भिंत अर्धी होती."

"अजून अर्धीच आहे."

"हो ना..." तो पोळीचा शेवटचा तुकडा माझ्या पुढ्यात सरकवत म्हणाला. "दुसरीही कारणं निघतात मग."

जुलैत, भरती परतायला लागली होती तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघं एकच मोठा दगड दोन बाजूंनी धरून चाललो होतो. मधेच तो थांबला. दगड आमच्या दोघांच्या हातात तसाच.

"वानचिंग... मला काहीतरी विचारायचंय."

काय विचारायचंय ते मला ठाऊक होतं. मी दगड आणखी घट्ट धरला. पण मी स्वतःला बजावून ठेवलं होतं.

"आधी मी विचारते. कागद कोणाच्या हातात असतो?"

"माझ्या."

"तू नाही लिहिलंस तर माझा तास होतो?"

"...नाही."

"मग विचारू नकोस. मला नाही म्हणायची मोकळीक नसेल, तर माझ्या हो म्हणण्याला काय अर्थ आहे? तीनशे साठ होऊ देत."

त्याचे कान लाल झाले. त्यानं विचारलं, "किती राहिलेत?"

"एकशे बेचाळीस."

"दगड ठेवूया," तो म्हणाला. "एकशे बेचाळीस लवकर व्हायला हवेत."

ऑगस्ट चांगला गेला. सप्टेंबर नाही. बारा तारखेला वादळ आलं. तीन दिवस बोटी बंद, शाळा बंद, आम्ही दुकानाची दारं आतून धरून बसलेलो. वादळ गेल्यावर पाहिलं तर बांध दोन ठिकाणी वाहून गेला होता. माझ्या मनातला हिशोबही वाहून गेला. आता दिवस पुरणार का, हेच कळेना.

वीस तारखेला काम संपल्यावर रुइफेंग हत्यारं धुवायला गेला आणि मी सहज कागद उलटून बघितला. खाली लिहिलं होतं, बाकी बारा. मी दोनदा वाचलं. दुकानाच्या भिंतीवर बाबा रोज खुणा करायचे आणि त्या सकाळीच मी मोजल्या होत्या. आजचे चार वजा केले तरी बाकी चोवीस होते.

मी पान मागे उलटलं. बारा, तेरा, चौदा सप्टेंबर. रोजचे चार तास. आल्याच्या रकान्यात माझा शिक्का, गेल्याच्या रकान्यात माझा शिक्का. लाल, नीट, सरळ.

तो फावडं घेऊन परत आला आणि माझ्या हातात काय आहे ते बघून जागीच थांबला.

"बारा तारखेला मी कुठे होते?" मी विचारलं.

त्यानं पानाकडे बघितलं.

"माझा शिक्का मारलास तू."

"दहा दिवस राहिलेत, वानचिंग. त्यात कामाच्या ओहोट्या सहा. चोवीस तास म्हणजे सहाच्या सहा पूर्ण व्हायला हव्यात. एक जरी चुकली, वारा सुटला, तुला ताप आला... की तू आत. एका सूपासाठी."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही."

"माझ्यासाठी केलंस की स्वतःसाठी?"

त्यानं फावडं वाळूत रोवलं. "दोन्ही," तो म्हणाला. "तू तुरुंगात जाशील या भीतीनं. आणि... तीनशे साठ कधी होतात याची वाट बघवेना म्हणून."

कुठल्याही मुलीला हे ऐकून बरं वाटलं असतं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू? आणि त्याच क्षणी इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"जानेवारीत त्या पोलिसानं विचारलं, तेव्हा तू हो म्हणालास. मी तुला मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या असतील. पण उन्हाळाभर मी या पाण्यात उतरले ती त्याच भरवशावर. वाटायचं, हा माणूस लिहितो तेच खरं असतं. तीनशे छत्तीस तास माझे आहेत, रुइफेंग. हात बघ माझे. आता हे बारा त्यात मिसळलेस. उद्या कोणी विचारलं की यातले खरे कुठले, तर काय दाखवू मी?"

तो बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला.

"परवा ओहोटी नाहीये," मी म्हटलं. "मी मागोंगला जाऊन त्साय बाईंना सांगणार आहे."

"शिक्का तुझा आहे. त्यांना वाटेल तूही सामील होतीस. सगळंच रद्द होईल, खटला होईल तो वेगळाच."

"माहितीये."

मी डब्यातून माझा शिक्का काढला, खिशात घातला आणि मागे न बघता घरी आले. बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ तवा पुसत राहिले. मग म्हणाले, "सकाळच्या बोटीनं जा. दुपारी गर्दी असते."

बावीस तारखेला सकाळी बोटीवर चढले तर तो आधीच बसलेला. इस्त्रीचा शर्ट, ओले केस नीट बसवलेले, मांडीवर ती कागदाची पाटी.

"तू कुठे?"

"जिथे तू. केलं मी, तू कशाला सांगायचं?"

पाऊण तास आम्ही शेजारी बसून होतो, मधे एका माणसाची जागा सोडून. पाणी करडं होतं. एकदा बोट जोरात हलली आणि त्याचा हात माझ्या बाजूला पडला, लगेच त्यानं तो मागे घेतला. मला तो धरावासा वाटत होता. मी धरला नाही.

त्साय बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून मला विचारलं, "शिक्का तुमचा. तुम्हाला माहीत नव्हतं हे मी कशावरून समजू?"

"समजू नका," मी म्हटलं. "शिक्का सगळ्यांच्या हाताला लागेल असा ठेवला ही माझी चूक आहे. तेवढी लिहा. पण मला सुटायचंच असतं तर मी आज इथे आले नसते. बारा खोडा. चोवीस बाकी लिहा. मला आठ दिवस आहेत."

"आणि पाच ओहोट्या," रुइफेंग हळूच म्हणाला. "काल एक झाली. वीस राहिलेत."

त्साय बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा बोलला नाही. त्यांनी तांबड्या पेनानं तीन ओळी खोडल्या. त्याला म्हणाल्या, "तुमचं प्रकरण आता सरकारी वकिलांकडे जाईल. तोवर बांधाजवळ फिरकायचं नाही. उद्यापासून सरपंच लिहितील." आणि मला म्हणाल्या, "वीस. एकोणीस चालणार नाहीत."

परतीच्या बोटीवर मधली जागा कोणी सोडली नाही.

"आता कागद माझ्या हातात नाही," तो म्हणाला.

"नाही."

"तरी विचारत नाही. माझ्यावर खटला चालू आहे. तू आत्ता हो म्हणालीस तर मला जन्मभर वाटत राहील की दया आली होती. माझा निकाल लागू दे."

"मला थांबायला सांगणारा तू कोण?"

"जुलैत तू सांगितलंस, मी थांबलो."

मी समुद्राकडे तोंड केलं, पण जागा बदलली नाही.

त्या पाच ओहोट्या मी कधी विसरणार नाही. मावशी खडकावर स्टूल टाकून बसायच्या, मांडीवर कागद, हातात घड्याळ. एकटीनं मोठा दगड उचलत नाही, म्हणून मी छोटे उचलले, दुप्पट. दुसऱ्या दिवशी नखाखाली रक्त साकळलं. चौथ्या दिवशी उत्तरेचा वारा लवकरच सुटला, पाणी कमरेपर्यंत उसळायला लागलं, आणि दोन तास रचलेलं एका लाटेनं नेलं. मी तिथेच उभी राहून रडले. मग पुन्हा पहिल्या थरापासून रचायला घेतलं, कारण रडायचे तास कोणी धरत नाही.

शेवटच्या दिवशी मावशींनी वाऱ्यातून ओरडून सांगितलं, "पोरी, पुरे कर, घरी जा."

"काम थांबवायचा हुकूम आहे का?"

"हुकूम नाही, पण..."

"मग किती झाले?"

मावशींनी घड्याळ बघितलं. "तीन तास वीस मिनिटं."

"चाळीस राहिली," मी म्हटलं आणि वाकले. स्टूल उचलून मावशी काठाशी, माझ्याजवळ येऊन बसल्या. दूर बंदराच्या वळणावर कोणीतरी उभं होतं. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण ते जवळ येत नव्हतं आणि जातही नव्हतं, त्यावरून मला कळलं. चार तास झाले तेव्हा मी शिक्का मारला. बोटं सुजलेली, तो वाकडा उमटला. मावशींनी त्यावर फुंकर घातली आणि म्हणाल्या, "तीनशे साठ."

हिवाळाभर तो दुकानात आला नाही. मी त्याच्या घरावरून गेले नाही. म्हणजे, गेले असेन सात-आठ वेळा, पण थांबले नाही. बाबा एकदा सवयीनं दोघांचं बांधून बसले आणि मग ते दुसरं स्वतःच खाल्लं. मार्चमध्ये निकाल लागला. त्यानं आपणहून कबूल केलं होतं, म्हणून सरकारी वकिलांनी खटला पुढे नेला नाही. त्याऐवजी गावासाठी चाळीस तासांची सेवा दिली. कुठे, तर बांधावर. लिहिणार कोण, तर मेइचू मावशी.

एप्रिलच्या पहिल्या ओहोटीला मी सकाळची गर्दी उरकली, बाबांच्या हातात झारा दिला आणि निघाले. बाबांनी कुठे म्हणून विचारलं नाही. किनाऱ्यावर मावशी स्टुलावर होत्या. पाण्यात रुइफेंग एकटा, नारिंगी अंगरख्यात. तो अंगरखा त्याला आखूड होत होता आणि फार विचित्र दिसत होता. मी पायजमा दुमडला.

"तू कुठे निघालीस?" मावशींनी हटकलं. "तुझे संपले. मी तुझं नाव लिहिणार नाही हं कागदावर."

"नका लिहू."

पाणी अजून गार होतं. त्यानं मला येताना पाहिलं आणि हातातला दगड तसाच धरून उभा राहिला. मी त्याच्यासमोर गेले आणि दगडाची दुसरी बाजू धरली.

"निकाल लागला?" मी विचारलं.

"लागला."

"कागद कोणाकडे?"

"तुझा कोणाकडेच नाही," तो म्हणाला. "माझा मावशींकडे."

"मग विचार आता."

त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. सहा महिने त्यानं काय काय ठरवलं असेल कोण जाणे, सगळं विसरला. शेवटी म्हणाला, "वानचिंग... भिंत पुरी व्हायला आणखी दहा वर्षं लागतील. राहशील?"

"हे विचारायला एवढा वेळ लावलास?"

"दया नाही ना?"

"दया आली असती तर काठावरून हात हलवला असता. इतक्या गार पाण्यात उतरले नसते." मी दगडावरून त्याच्याकडे बघितलं. "मला तू आवडतोस, रुइफेंग. तू खरं बोललास तेव्हा राग आला आणि खोटं लिहिलंस तेव्हा त्याहून जास्त आला, आणि दोन्ही वेळा मला तूच हवा होतास. राहीन. हो."

तो डोळे बारीक करून हसायला गेला, पण जमलं नाही, पाणीच आलं डोळ्यांत. दोघांचेही हात अडकलेले. पुसणार कोण?

"को साहेब," काठावरून मावशींची हाक आली. "उभं राहण्याचे तास मी धरत नाही."

"कामच करतोय, मावशी."

"दिसतंय मला काय करताय ते."

आम्ही तो दगड नेऊन खिंडारात ठेवला. मी हलवून बघितला. हलला. तो काही बोलायच्या आत मी काढला, फिरवला, पुन्हा ठेवला. मग दुसरा आणला, मग तिसरा. भरतीचं पाणी गुडघ्यावर चढायला लागलं तेव्हा मावशींनी त्याला बोलावून कागद पुढे केला. त्यानं हात कोरडे करून सही केली. त्याच्या नावापुढे तीन तास पडले. मी शेजारी उभी राहून केस पिळत होते, आणि मावशींनी पेन खिशात ठेवून दिलं.